भरती उनी!

जळगावात खोली घेऊन राहिलेल्या कुठल्याही मुलीला 'भरती' या शब्दाचा अर्थ विचारा, ती एकच सांगेल. पोलीस भरती, तलाठी भरती, ग्रामसेवक भरती. आम्ही भरतीसाठी घर सोडलेल्या, भरतीच्या नावावर स्थळं परत पाठवलेल्या आणि सकाळी उठल्यावर देवाच्या आधी मोबाइलमध्ये जाहिरात शोधणाऱ्या मुली. त्यामुळे मेहरूणमधल्या त्या घरात राहायला गेल्यावर दुसऱ्याच सकाळी, तोंडात ब्रश असताना, खालून कोणीतरी भसाड्या आवाजात "भरती उनी व, भरती उनी!" असं ओरडलं तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या. खानदेशीत 'उनी' म्हणजे आली. मी प्रमाणपत्रांची फाइल उचलली आणि तशीच अनवाणी जिना उतरले.

खाली अंगणात बनियन आणि लेंगा घातलेले एक उंच, काळे, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ हातात हिरवा पाइप धरून उभे होते. बाकीच्या मुली बादल्या, कळश्या घेऊन नळापुढे रांगेत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हाई काय शे हातमा?" गृहस्थांनी विचारलं.

"फाइल."

"फाइलमा पानी भरशी का?"

मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. मला पुढे कळलं की त्यातली प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात अशीच काहीतरी घेऊन खाली धावली होती. एक जण तर पासपोर्ट साइज फोटो घेऊन आली होती. हे आमचे घरमालक. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांच्या बायकोला अक्का. नळाला पाणी आलं की आबांच्या लेखी भरती, टाकी रिकामी झाली की ओहोटी. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नसे, त्यामुळे ओहोटीचेच दिवस जास्त.

आबा मूळचे पारोळ्याकडचे. पण ऐन तारुण्यात ग्रामसेवक म्हणून नेमणूक झाली ती थेट कोकणात, एका खाडीच्या तोंडाशी. ज्या माणसाने तोवर पाण्याचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे पाझर तलाव पाहिला होता, तो तिथे जाऊन पडला. पहिलं वर्ष रडण्यात गेलं, असं ते स्वतःच सांगत. पुढे ग्रामसेवकाचे विस्तार अधिकारी झाले, केस पिकले, आणि दरवर्षी न चुकता जळगाव जिल्ह्यात बदलीचा अर्ज देत राहिले. निवृत्तीला थोडं राहिलं असताना बदली मिळाली. माणूस घरी आला आणि घरी आल्या दिवसापासून कोकणाच्या आठवणीने बेजार झाला.

अक्का भाकरी थापता थापता म्हणायच्या, "हाऊ मानूस तठे व्हता तवय आठली बदली मांगे. आते आठे उना ते तठली भरती मोजस."

मोजस म्हणजे खरोखर मोजायचे. मे महिन्यात जळगाव तव्यासारखं तापलेलं असायचं. आम्ही ओल्या चादरी खिडक्यांना बांधून सामान्य ज्ञान घोकत पडलेल्या असायचो, आणि आबा डोक्यावर ओला पंचा टाकून ओट्यावर बसून म्हणायचे, "आते तठे पानी उतरनं व्हई." हे कसं कळतं म्हणून विचारलं तर तिथी सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीकाठच्या माणसांचं हे पाठ असतं म्हणे. आमच्या घरात दिनदर्शिकेवर अक्का चतुर्थी बघायच्या ती उपासासाठी आणि आबा बघायचे ते पार सह्याद्रीपलीकडच्या पाण्यासाठी. पाण्याचा आणि आमचा काय संबंध, असं मी एकदा वैतागून विचारलं. "दिवसातून दोनदा भरती येते गं," आबा म्हणाले, "अशी सरकारी योजना दुसरी दाखव." दोन वर्षं एका जाहिरातीची वाट बघणाऱ्या मुलीला हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठच. पण ते ऐकवायचे आणि वर स्वतःच हसायचे.

घर कसलं, गट ग्रामपंचायत होती ती. प्रत्येक खोलीला वाडीचं नाव. जिन्याच्या वरची 'सड्यावरची वाडी' (कोकणात सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार), अंगणातली 'खालची वाडी', आणि माझी व माझ्या पार्टनरची, जी मागच्या बाजूला गटारीपलीकडे होती, ती 'खाडीपलीकडची वाडी'. माझी पार्टनर पिंपळनेरची. स्वभावाने अतिशय गरीब, पण खाडीपलीकडची म्हटलं की तिचंही डोकं फिरायचं, कारण त्या गटारीला वास यायचा. गटारीवर एक फळी टाकलेली होती. तिला फळी म्हणायचं नाही, साकव म्हणायचं. कोकणात ओढ्यावर जे लाकडी पूल टाकतात त्यांना साकव म्हणतात, हे मला एखाद्या पुस्तकातून नव्हे, त्या फळीवरून पाय घसरला तेव्हा कळलं. मी गुडघा धरून बसले होते आणि आबा विचारत होते, "साकव दुरुस्तीचा ठराव कोण मांडतं?"

ठराव हा तर त्यांचा प्राण. घरातली कुठलीही गोष्ट सभेशिवाय ठरत नसे. स्कूटी कुठे लावायच्या, गच्चीवर पापड कोणी वाळवायचे, वायफायचा पासवर्ड बदलायचा का, सगळ्याला सभा. सभा सुरू होण्याआधी आबा माना मोजत आणि सगळे आलेत का म्हणून "बठ्ठा हजर शेतस का?" विचारत. गणपूर्ती झाली नाही, म्हणजे पुरेशी डोकी जमली नाहीत, की सभा तहकूब. आम्हाला आधी वाटलं, हे बरं आहे. स्कूटीच्या सभेला आम्ही ठरवून कोणीच गेलो नाही. दुसऱ्या दिवशी क्लासवरून येऊन बघतो तर आबा जिन्यात एकटेच उभे राहून स्वतःशी बोलत होते. सभा चालली होती. "तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही," त्यांनी आम्हाला सांगितलं, "कायदाच तसा आहे." आणि स्कूटी गल्लीच्या टोकाला लावायच्या, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. त्या उन्हाळ्यात रोज गल्लीच्या टोकापासून घरापर्यंत चालताना मी त्या कायद्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कपडे वाळत घालायच्या दोरीचीही समुद्राच्या हद्दीसारखी वाटणी. खांबापासून काही हातांपर्यंतचा समुद्र राज्य सरकारचा, त्यापुढचा केंद्राचा. राज्य म्हणजे आम्ही मुली, केंद्र म्हणजे अक्का. आमचा दुपट्टा वाऱ्याने सरकून केंद्राच्या हद्दीत गेला की अक्का तो घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवून द्यायच्या आणि आबा म्हणायचे, यात राज्याला काही करता येत नाही.

त्यांचा छळ जेवणातही होता. अक्का भरीत करायच्या. हिरव्या देठाची पांढुरकी वांगी काट्याकुट्यांवर भाजून, वर कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. खानदेशी माणसाला यापुढे स्वर्गही नको. अशा पंगतीत आबा आतून गुलाबी सोलकढीचं भांडं घेऊन यायचे. कोकणातल्या जुन्या ओळखीच्या माणसांकडून कोकम मागवलेलं असायचं. भरितावर सोलकढी! पिंपळनेरवाली डोळे मिटून एका घोटात संपवायची, कारण तिला नाही म्हणता येत नसे. मी सरळ अंगणातल्या तुळशीला घालायचे. तुळस जगली, यावरून सोलकढी वाईट नसावी.

एवढं असून अभ्यासात त्यांची मदत होईल अशी जर कोणाची अपेक्षा असेल तर तीही फोल. आमच्या प्रश्नपत्रिका बघून त्यांना राग यायचा. "चार पर्यायांतला एक बरोबर! पंचायतीत चारही चूक असतात. त्यातला कमी चूक निवडायचा असतो. हे विचारा म्हणावं." मग ते एखादी गोष्ट सांगायला बसायचे. दोन वाड्यांमध्ये खाडी असलेल्या गावची. नकाशात बोटभर अंतर. या वाडीतला माणूस ओरडला तर त्या वाडीतल्याला ऐकू जातं, पण तिथे जायचं तर माणसं पार नेणारी तरीची होडी हवी, नाहीतर अख्खी खाडी वळसा घालून अर्धा दिवस रस्त्याने. अशा गावाचं पंचायत कार्यालय कुठल्या काठावर बांधायचं? आम्ही विचारायचो, मग कुठे बांधलं? ते म्हणायचे, "अजून सभा तहकूब आहे."

"गाव लांब नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, "मध्ये खाडी असते."

आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच वाटायचा की म्हातारा आता तासभर सोडत नाही.

माझं म्हणाल तर माझी परिस्थिती गोष्टी ऐकण्यासारखी नव्हती. रावेर तालुक्यातलं आमचं गाव, केळीचा मळा, घरात मी थोरली. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंनी एकदा संधी दिली, दुसऱ्यांदा दिली, आणि दोन्ही वेळा माझं आपल्या जिल्ह्याच्या यादीत अगदी थोडक्यात हुकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वच्छ सांगितलं, ही शेवटची. मी त्यांना दोष देत नाही. पोरीचं वय, लोकांचं बोलणं, त्यांनाही गावात तोंड दाखवायचं होतं. पण शेवटची म्हणजे शेवटची, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं होतं आणि माझी झोप गेली होती. मला परत जाऊन कोणाच्या तरी मळ्यात मजुरांच्या भाकरी बडवायच्या नव्हत्या. मला सही करायची खुर्ची हवी होती. आता हसू येतं, पण तेव्हा अगदी तेवढंच हवं होतं.

अर्ज भरताना जिल्हा निवडायचा होता. मी सवयीने जळगावावर बोट ठेवलं. मागे आबा उभे होते.

"तिसऱ्यांदा त्याच दारावर डोकं आपटणार का? इकडे सगळा खानदेश उभा आहे रांगेत. तिकडे जा."

"तिकडे कुठे?"

त्यांनी माझ्या मोबाइलवर वाकून कोकणातल्या एका जिल्ह्यावर बोट ठेवलं. त्या जिल्ह्याचं नाव मी इथे लिहीत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. आबा म्हणाले, "मलाही येत नाही. ग्रामसेवक पोहत जात नसतो." पिंपळनेरवाली म्हणाली, जा गं. आणि मी अर्ज केला. घरी सांगितलं नाही. लागणार थोडीच आहे, असं मनात होतं.

लागली. यादीत माझं नाव दिसलं तेव्हा मी अक्कांच्या चुलीपाशी वांगी उलटवत होते. मी तीनदा नाव वाचलं आणि अक्कांच्या गळ्यात पडून अशी रडायला लागले की वांग्यांचा पार कोळसा झाला. आबांनी शांतपणे विचारलं, "तालुका कुठला?" मी सांगितला. ते गच्चीवर निघून गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. तो त्यांचाच तालुका होता.

आनंद जेमतेम एक दिवस टिकला. घरी फोन केला तर भाऊ आधी खूष झाले, मग जिल्हा ऐकून म्हणाले, "घरी ये. कागदबिगद घिऊन ये." मी घरी गेले ती अडकले. एवढ्या लांब पोरगी पाठवायची नाही, एवढं बोलून भाऊंनी विषय संपवला. रुजू व्हायची मुदत जवळ येत होती. मी जेवत नव्हते, बोलत नव्हते, आणि आई दोघांच्या मधे ताटं वाढत फिरत होती. शेवटी मी पिंपळनेरवालीला फोन केला, तिने आबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात एसटीच्या धुळीने पांढरे झालेले आबा उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत पिशवी. पिशवीत कोकम.

भाऊंनी पाणी दिलं, चहा दिला, बाहेरच्या माणसाला द्यायचा तो सगळा मान दिला आणि मग सांगितलं, "आबा, तुम्ही वडीलधारे. पन या गोष्टीत पडू नका. इतक्या लांब, तठी आपलं कोन हाये?"

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "सभा घेऊ."

भाऊंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी मात्र डोक्याला हात लावला.

"पण त्याआधी महिला सभा," आबा म्हणाले. "ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यावीच लागते, भाऊ. त्यांचं म्हणणं आधी ऐकायचं, मग पुरुषांनी बोलायचं. घरच्या लक्ष्मीला बोलवा बाहेर."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आमच्या घरात बाहेरच्या माणसासमोर ती कधी बसलेली मी पाहिली नव्हती. आबांनी तिच्यासाठी पाट सरकवला. ती बसली नाही, पण पाटाजवळ येऊन उभी राहिली. तिने भाऊंकडे बघितलं. भाऊ ओट्यावरून उठले.

"मोटर चालू हाये तिकडे, मी पाहून येतो," असं म्हणून ते मळ्याकडे निघून गेले. न पटणारं बोलणं निघालं की मोटर बघायला जाणं ही त्यांची नेहमीची पद्धत.

"सभा तहकूब," आबांनी जाहीर केलं. "आता गणपूर्तीची गरज नाही. बोला, वहिनी."

जेवणासाठी आणलेली केळीची पानं तिथेच पडली होती. आबांनी त्यातलं वाऱ्याने फाटलेलं एक पान उचललं आणि पाटावर पसरलं. आमच्याकडे फाटलेलं पान म्हणजे वादळाची निशाणी, ते बघून आईच्या कपाळाला आठी पडली. आबांनी मधल्या दांड्यावर बोट ठेवलं. "हा सह्याद्री. ह्या अंगाला आपण. त्या अंगाला, ह्या कडेला, समुद्र. आणि ह्या चिरा पडल्यात ना पानाला, ह्या खाड्या. समुद्राचं पाणी ह्यातून आत शिरतं. ह्या पट्टीवरच्या माणसाला शेजारच्या पट्टीवर जायचं तर पार दांड्यापर्यंत मागे यायचं आणि परत खाली उतरायचं. तुमची लेक ह्या इथे असेल." त्यांनी एका चिरेच्या टोकाशी नख टेकवलं. "मी तिथे उभी हयात काढली. पहिल्या वर्षी रडलो. मग कोणी ना कोणी रोज विचारायचं, जेवलात का? अजून फोन करून विचारतात."

आई पानाकडे बघत राहिली. तिने वाकून ती चीर बोटाने जरा मिटवून पाहिली, आणि सोडली तशी ती पुन्हा उघडली.

"इतकी वर्सं झाली," ती म्हणाली, "मले या घरात कोनी इचारलं नही का तुले काय वाटते."

आबांनी पानावरचा हात काढून घेतला. हा बडबड्या माणूस नेमक्या वेळी गप्प बसू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मी जाऊन पाहून येते," आई म्हणाली. "मले पटलं तं पोरगी तठी राहीन. नही पटलं तं संगं घिऊन यीन. मंग कोनी काही बोलायचं नही. तूही नही." हे शेवटचं मला होतं.

भाऊ संध्याकाळी परत आले तेव्हा ठराव झालेला होता. ते चिडतील म्हणून मी भिंतीला चिकटून उभी होते. त्यांनी सगळं ऐकलं, पाय धुतले, आणि एवढंच म्हणाले, "तिची नजर चांगली हाये. रोपं तीच निवडते आपली." मला वाटतं त्यांनाही सुटका करणारं कोणीतरी हवंच होतं.

निघायच्या दिवशी आबांनी फोनवर बजावलं, "आईला पहिल्यांदा भरतीच्या वेळीच खाडी दाखव. ओहोटीला दाखवू नको. उद्या पोचशील तेव्हा एकादशी, सकाळी सव्वाआठच्या आसपास पूर्ण पाणी असेल." मीही हिशेब केला, पटला. सकाळी सातला पोचायचं, सामान ठेवायचं, आईला काठावर न्यायचं, की काम झालं.

आम्ही जळगावहून संध्याकाळच्या गाडीने निघालो, पुढे एसटी धरली. घाटात पुढे ट्रक आडवा झालेला. गाड्यांची रांग लागली आणि आम्ही झाडीत अडकून बसलो. आईला एकादशी. ती शेंगदाण्याचा लाडू खात खिडकीतून खाली बघत होती आणि मी मनातल्या मनात पाण्याला थांब म्हणत होते. पाणी कशाला थांबतं! गावात पोचलो तेव्हा भर दुपार झाली होती.

पंचायत कार्यालय अगदी खाडीच्या काठावर. शिपाई सामान घ्यायला आला. आई मात्र थेट पुढे गेली, काठाच्या दगडी पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिने समोर बघितलं. समोर चिखल होता. दूरवर काळा, चकाकणारा चिखल, मधे पाण्याची एक बारीक रेघ, आणि दोन होड्या कुशीवर कलंडलेल्या. वासही होता.

"हाच का तुह्या आबाचा समुद्र?" आई म्हणाली.

 मी म्हटलं, आई, पाणी गेलंय, येईल आता. ती म्हणाली, "गेलेलं पानी कधी येते का?" आणि पायरीवर बसली. तिने पिशवी मांडीवर घेतली ती खाली ठेवायला तयार नाही. परत जायची तयारीच ती. मी मनात म्हटलं, संपलं. तीन वर्षं, यादीतलं नाव, खुर्ची, सगळं त्या चिखलात गेलं.

शेजारी एक बाई जाळं सोडवत बसली होती. तिने आईला विचारलं, "जेवलात का?" आईने सांगितलं, उपास आहे. बाई उठून आत गेली आणि दोन शहाळी घेऊन आली. मग त्या दोघी बोलायला लागल्या. एकीची भाषा दुसरीला अर्धीच कळत होती, पण घरात माणसं किती, सुना कशा, जावई काय करतो, याला पूर्ण भाषा लागत नाही. मी आत जाऊन रुजू अहवालाचा कागद समोर घेतला, पण सही करायचा धीर होईना. दर थोड्या वेळाने खिडकीतून आईच्या मांडीवरची पिशवी बघत होते.

उन्हं कलली. एकदा बघितलं तर चिखलातली रेघ जाड झाली होती. पुन्हा बघितलं तर पाणी पहिल्या होडीपर्यंत आलं होतं. आवाज नाही, लाट नाही, नुसतं येत होतं. कलंडलेली होडी हलली, जराशी डुचमळली आणि सरळ उभी राहिली. आईने पायऱ्यांवरून पाय वर घेतले, कारण खालची पायरी बुडाली होती. मी बाहेर आले. ती पाण्याकडे एकटक बघत होती.

"रोज येते का असं?" तिने त्या बाईला विचारलं.

"रोज. दोनदा."

आईने वाकून पाण्यात बोटं बुडवली. मग मला म्हणाली, "आपल्या बोअरचं पानी गेलं ते गेलं. किती खोल गेलो आपन, आलं का वापस? हे तं जाते आन् सोताहून येते." तिने पिशवी खाली ठेवली. "जाय, कर तुही सही. मंग सामान लावू."

मी सही केली. इतकी वेडीवाकडी सही मी पुन्हा कधी केली नाही. सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. छाती इतकी हलकी झाली होती की कोणावर तरी ओरडावंसं वाटत होतं. पाणी आता अगदी वरच्या पायऱ्यांशी आलं होतं. मी मोबाइल काढला आणि मेहरूणला फोन लावला. आबांनी उचलला.

"आबा," मी जोरात ओरडले, "भरती उनी!"

 पलीकडून त्या माणसाचा आवाज फुटला तो मोबाइल कानापासून लांब धरावा इतका. "उनी? भरती उनी? अक्का, उनी व! भरती उनी!"

आणि लगेच मला सगळं घर ऐकू आलं. जिन्यावरून धडाधड पावलं, बादल्यांचा खणखणाट, कळशीचं कुठेतरी आपटणं. पिंपळनेरवालीचा आवाज आला, "आबा, नळ तर कोरडा आहे!" आणि तिच्या मागून एक नवा, कोवळा, धापा टाकणारा आवाज, माझ्या जागी आलेल्या कोणा मुलीचा, "कोणती निघाली आबा? तलाठी का? मी फाइल आणली."

मी हसत होते आणि आई, काय झालं म्हणून माझ्याकडे बघत, न कळताच हसायला लागली होती. तिकडे आबा त्या मुलीला सांगत होते. आवाज एकदम खाली आला होता, पण मला स्वच्छ ऐकू आलं.

"ठेव व माय ती फाइल जपीसन. तुन्ही बी येई. दिनमा दोनदा येस ती."